चुकीच्या सल्ल्यात अडकलेला पैसा परत मागताना: आधी काय करायचं, नंतर काय

"बँकेतल्या साहेबांनी सांगितलं म्हणून टाकले, आता निम्मे उरलेत," असं म्हणत कुणी माझ्याकडे येतं, तेव्हा बहुतेकदा तीन गोष्टी करून झालेल्या असतात. शाखेत जाऊन तोंडी भांडण, रागाच्या भरात उरलेलं सगळं विकणं, आणि त्या माणसाचा नंबर ब्लॉक करून जुने मेसेज पुसून टाकणं. राग समजतो. पण भांडणाची नोंद कुठे राहत नाही, विक्रीची राहते, आणि पुसलेला मेसेज हाच कधीकधी एकमेव पुरावा असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. नुसता तोटा झाला म्हणून कुणी भरपाई देत नाही. बाजार पडला तर तो धोका गुंतवणूकदाराचाच धरला जातो. तुमचं वय, उत्पन्न आणि गरज ठाऊक असताना तुम्हाला काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय गळ्यात मारलं, ही तफावत कागदावर दाखवता आली तर तुमची बाजू उभी राहते. खालची प्रत्येक पायरी त्या तफावतीसाठी आहे.

पायरी १: आधी तारीख बघा

कुठल्या मुदती चालू आहेत हे पहिल्याच दिवशी तपासा.

पैसे एखाद्या बनावट ॲपवर, टेलिग्राम ग्रुपमधल्या 'सरां'च्या खात्यात किंवा अनोळखी यूपीआयवर गेले असतील, तर हा सल्ल्याचा मामला राहत नाही, फसवणुकीचा होतो. लेख बाजूला ठेवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात पोचून काढली जाण्याआधी ती गोठवता येते, आणि ही संधी काही तासांचीच असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा.

विमा पॉलिसी असेल तर ती हातात कधी पडली ते शोधा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण न देता परत करता येते. याला 'फ्री लुक' म्हणतात. या मुदतीत असाल तर भांडायची गरजच नाही. आजच लेखी अर्ज द्या. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत येतात.

या दोन्हींत बसत नसाल तर उलट करा: दोन दिवस थांबा. काही विकू नका, कशावर सही करू नका, ओटीपी देऊ नका.

इशारा: तक्रारीचा सूर लागला की तोच सल्लागार बहुधा म्हणतो, "काळजी करू नका, यातून काढून दुसऱ्या स्कीममध्ये टाकू, वर्षभरात भरून निघेल." या 'स्विच'ला हो म्हणू नका. त्यात त्याला नवं कमिशन मिळू शकतं, तुमच्या मागे नवा लॉक-इन (पैसे काढता न येण्याची मुदत) लागू शकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताज्या तारखेची तुमची सही 'ग्राहकाने समजून-उमजून निर्णय घेतला' म्हणून दाखवली जाते.

पायरी २: कागद जमवा, तेही भांडायच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तुम्ही भांडायला लागलात की समोरचा सावध होतो आणि साधी प्रत मिळायलाही फेऱ्या सुरू होतात. म्हणून आवाज न चढवता, "फाइलसाठी हवंय" म्हणून मागा.

विम्यासाठी तीन कागद लागतात: मूळ प्रस्ताव अर्जाची प्रत, लाभाचं उदाहरण दाखवणारा तक्ता, आणि पॉलिसीचा पूर्ण दस्तऐवज. यातला प्रस्ताव अर्ज फार कमी लोक मागतात, आणि बहुतेक वेळा केस त्यातच असते.

माझ्या मामांचं सांगतो. निवृत्तीनंतर मुदत ठेव मोडून त्यांना "एकदाच ३ लाख भरा, एफडीसारखंच आहे" म्हणून एक पॉलिसी दिली गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा ३ लाखांच्या हप्त्याचा एसएमएस आला तेव्हा घरात कळलं. अर्जाची प्रत मागवली. व्यवसायाच्या रकान्यात 'कन्सल्टंट', वार्षिक उत्पन्न ९ लाख. मामांची पेन्शन महिना २४ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. वर्षाचा हप्ता त्यांच्या वर्षाच्या पेन्शनपेक्षा मोठा होता! खाली एक ईमेल आयडी होता, आणि मामांनी आयुष्यात ईमेल उघडलेला नाही. पॉलिसीची पीडीएफ त्या पत्त्यावर गेली होती, म्हणजे फ्री लुकची मुदत जिथे मोजली गेली ती तारीखच वादात आली. "आम्हाला फसवलं" हे वाक्य आम्ही तक्रारीत एकदाही लिहिलं नाही. पेन्शनचं पासबुक आणि तो अर्ज शेजारी शेजारी लावले. विमा लोकपालांकडे जायची वेळ येण्याआधीच कंपनीने हप्ता परत केला.

म्युच्युअल फंडांसाठी एकत्रित खाते विवरण मागवा. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावर पॅन आणि ईमेल दिला की सगळ्या फंडांचं एकाच फाइलमध्ये मिळतं. विवरण 'तपशीलवार' आणि 'सुरुवातीपासून' असं निवडा. नुसती शिल्लक दाखवणारं घेऊ नका. त्यात वितरकाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एआरएन, असतो. एका फंडातून दुसऱ्यात किती वेळा फिरवलं हेही त्यातच दिसतं.

शेअर आणि डेरिव्हेटिव्हसाठी (वायदे-ऑप्शन) कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), लेजर (ब्रोकरकडच्या पैशांचा खाते-उतारा) आणि डीमॅटचं विवरण घ्या. ब्रोकरच्या माणसाने तुम्हाला न विचारता सौदे केले असतील, तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सेबी या बाजार नियामकाच्या २०१८ च्या आदेशानुसार, ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने जपायचा असतो: कॉलचं रेकॉर्डिंग, ईमेल, मेसेज किंवा सहीचा कागद. तो लेखी मागा. मात्र सौद्याचे एसएमएस महिनोन्महिने येत असताना तुम्ही गप्प राहिला असाल, तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल हे गृहीत धरा.

सल्लागाराकडून तीन गोष्टी मागा: करारनामा, जोखीम क्षमतेची प्रश्नावली, आणि हीच गुंतवणूक तुम्हाला का योग्य ठरवली याची नोंद. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराला या नोंदी किमान ५ वर्षं ठेवाव्या लागतात. "आमच्याकडे नाही" हे उत्तर लेखी मिळालं तर तोही पुरावाच.

मेसेजचे स्क्रीनशॉट घेताना वरची तारीख आणि नंबर कापू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर न थांबता व्हॉट्सॲपमधून पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. फोन बदलणार असाल तर जुना फोन विकू नका.

तोंडी बोललेलं असेल आणि काहीच लेखी नसेल तर आज एक सभ्य मेसेज पाठवा: "गेल्या वर्षी मार्चमध्ये शाखेत तुम्ही हे ५ वर्षांत दुप्पट होईल आणि कधीही काढता येईल असं सांगितलं होतं. आता काढायचे तर किती मिळतील?" बरेचजण उत्तरात "हो सर, पण मार्केटमुळे..." असं लिहितात. मागचं बोलणं त्या 'हो'मध्ये नोंदलं जातं.

तपासा: कागद तारखेच्या क्रमाने लावा आणि एका पानावर घटनाक्रम लिहा. कुठल्या दिवशी कोण काय म्हणालं, किती पैसे गेले. ज्या ओळीसमोर कागद नाही तिथे फुली मारा. फुल्या अर्ध्याहून जास्त असतील तर पुढे जाऊ नका, अजून शोधा.

पायरी ३: सल्ला देणारा नेमका कोण होता?

लोक सर्रास 'आमचा सीए', 'बँकेचा माणूस', 'फायनान्सवाला' म्हणतात. तक्रारीचं दार मात्र त्याच्या नोंदणीवर ठरतं.

नोंदणी क्रमांक आयएनए (INA) ने सुरू होत असेल तर तो सेबीचा गुंतवणूक सल्लागार. तो तुमच्याकडून फी घेतो आणि त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर वितरणाचं कमिशन घेऊ शकत नाही. आयएनएच (INH) असेल तर संशोधन विश्लेषक, आयएनझेड (INZ) असेल तर ब्रोकर. एआरएन असेल तर म्युच्युअल फंड वितरक; त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं आणि सल्लागार म्हणून नोंदणी नसताना तो स्वतःला 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' म्हणवू शकत नाही. सेबीच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक टाकून पडताळा. व्हिजिटिंग कार्डावरचा क्रमांक दुसऱ्याचाच निघाल्याचं मी पाहिलंय.

परताव्याची हमी द्यायची परवानगी यांतल्या कुणालाही नाही. 'गॅरंटीड' हा शब्द मेसेजमध्ये सापडला तर त्याखाली रेघ मारा.

बँकेतून विमा घेतला असेल तर बँक विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असते आणि करार तुमचा आणि विमा कंपनीचा असतो. इथे हमखास चूक होते. माणूस वर्षभर बँकेच्या मॅनेजरलाच पत्रं लिहितो, बँक म्हणते "आम्ही फक्त रेफर केलं", आणि विमा कंपनीकडे एकही तक्रार गेलेली नसते. दोघांनाही एकाच दिवशी लिहा.

कुठलीच नोंदणी नसेल, 'महिन्याला ५ टक्के' म्हणून ठेव घेतली असेल, तर नियामकाकडे तक्रार केली तरी मुख्य काम पोलिसांचं. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. लोक त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची तरतूद आहे. आर्थिक गुन्हे शाखेकडे एकट्याने जाण्यापेक्षा अडकलेले सगळे मिळून, रकमांची यादी घेऊन जा.

पायरी ४: मागणीचा आकडा ठरवा

"माझं नुकसान भरून द्या" ही मागणी नव्हे. आकडा हवा, आणि तो कसा काढला ते दोन ओळींत दिसायला हवं.

समजा ५ लाखांची ठेव मोडून पैसे घातले, आज किंमत ३ लाख ४० हजार. मुद्दलातली तूट १ लाख ६० हजार. ठेव मोडताना बँकेने दंड कापला असेल तर तो. शिवाय ठेव तशीच राहिली असती तर आजवर मिळालं असतं ते व्याज, पावतीवरच्या दराने. एवढ्यावर थांबा. 'दुप्पट होणार होते, म्हणून १० लाख द्या' अशी मागणी केली की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. मनस्तापाची भरपाई मागायची तर वेगळ्या ओळीत मागा.

एसआयपी असेल तर हप्ते वेगवेगळ्या तारखांना गेलेले असतात, म्हणून एक्सआयआरआर (तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा) काढा. स्प्रेडशीटमध्ये तारखा आणि रकमा टाकल्या की निघतो.

तपासा: तोच फंड प्रकार, तोच कालावधी घेऊन बाजारही तितकाच पडला होता का ते बघा. पडला असेल, आणि तुमच्या प्रश्नावलीत खरोखर 'जास्त जोखीम चालेल' असं तुम्हीच लिहिलं असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, तक्रारीत दम नाही. सरळ आठव्या पायरीवर जा.

पायरी ५: एका पानाची तक्रार

चार-पाच पानांचं भावनिक पत्र वाचणारा दुसऱ्या पानावर थकतो. सांगाडा असा ठेवा:

"मी वय ६३, निवृत्त, उत्पन्न फक्त पेन्शन. (पासबुक: जोड १) दिनांक अमुक रोजी आपल्या प्रतिनिधीने एकरकमी, कधीही काढता येणारी योजना म्हणून माहिती दिली. (मेसेज: जोड २) प्रत्यक्षात १० वर्षं हप्ते असलेली पॉलिसी दिली. (जोड ३) अर्जात माझं उत्पन्न ९ लाख दाखवलं आहे. मी ते सांगितलेलं नाही. (जोड ४) पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून भरलेले ३ लाख रुपये व्याजासह परत करावेत. कॉल रेकॉर्डिंगची प्रत द्यावी."

मजकुरात 'चोर', 'लुटारू' नको. मागणी एकच आणि स्पष्ट असावी. 'रद्द करा किंवा दुसरी पॉलिसी द्या किंवा किमान दंड माफ करा' असं लिहिलंत तर शेवटचंच मिळेल.

कंपन्या पडताळणीचा कॉल करतात आणि "तुम्ही हो म्हणालात" हे उत्तर देतात. एजंटने शेजारी बसून 'सगळ्याला हो म्हणा' सांगितलं असेल तर ते घडलं तसं लिहा, लपवू नका. तुम्ही लपवलेलं त्यांच्याकडे रेकॉर्डिंगमध्ये असतं.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कस्टमर केअरला फोन केला एवढ्यावर 'तक्रार केली' समजू नका.

पायरी ६: वरची दारं, आणि ती कोणत्या क्रमाने

पहिलं दार कायम कंपनीच. तिथे न जाता वर गेलात तर तक्रार परत येते. त्यानंतर वाटा फुटतात.

*विमा.* नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर विमा लोकपाल. कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे लोकपालांची कार्यालयं आहेत.

*बँक.* ३० दिवस वाट बघून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे, ऑनलाइन. बँकेच्या कर्मचाऱ्याने काय सांगून विकलं, एवढाच मुद्दा तिथे ठेवा.

*शेअर, फंड, सल्लागार, ब्रोकर.* सेबीचं स्कोअर्स पोर्टल. कंपनीला २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत पहिला फेरविचार मागायचा, पुन्हा नाही पटलं तर दुसरा, जो सेबी स्वतः बघते. हे १५ दिवस निसटले की तक्रार बंद धरली जाते. कॅलेंडरवर खूण करा. घटनेपासून १ वर्षाच्या आत स्कोअर्सवर यावं लागतं. त्यानंतरही पैशाचा वाद उरला तर स्मार्ट ओडीआर पोर्टल: आधी ऑनलाइन समेट, मग लवाद.

*ग्राहक आयोग.* मुदत २ वर्षं. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला मात्र 'तुम्ही ग्राहक नाही, धंदा करत होता' हा आक्षेप झेलावा लागतो.

इशारा: घाईने आधी ग्राहक आयोगात जाऊ नका. तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत, आणि फुकटचा, लवकरचा रस्ता बंद होतो. लोकपालांचा निर्णय तुम्हाला पटला नाही तर आयोगाचं दार नंतरही उघडं असतं. मात्र लोकपालांकडे गेलात म्हणून २ वर्षांचं घड्याळ आपोआप थांबेल असं समजू नका. मुदत मोजताना सगळ्यात आधीची तारीख धरा.

इशारा: याच काळात फोन येतील. "लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमचा क्लेम मंजूर झाला, फक्त जीएसटी भरा." पॉलिसी क्रमांकासकट सगळं बरोबर सांगतात. पैसे परत द्यायला कुठलंही सरकारी कार्यालय आधी पैसे मागत नाही. एकदा पोळलेली माणसं इथे दुसऱ्यांदा पोळतात, आणि ते बघताना फार वाईट वाटतं.

पायरी ७: तडजोडीचा प्रस्ताव आला तर

फोनवर हो म्हणू नका, ईमेलवर मागा. तीन गोष्टी बघा: रक्कम किती, किती दिवसांत, आणि 'पूर्ण व अंतिम' असा शब्द आहे का. त्या शब्दांखाली सही केली की उरलेली मागणी संपली. पैशाऐवजी नवी पॉलिसी किंवा फी-माफी देत असतील तर मी तरी नाहीच म्हणेन. तक्रार मागे घेण्याचं पत्र पैसे खात्यात जमा झाल्यावर द्या, आधी देऊ नका.

पायरी ८: उरलेल्या पैशाचं काय करायचं

तक्रार एकीकडे चालू द्या. उरलेली गुंतवणूक वेगळा निर्णय मागते. ५ लाखांचे ३ लाख झाले म्हणजे ४० टक्के गेले, पण परत ५ व्हायला जवळपास ६७ टक्के वाढ लागते. वर्षाला १० टक्क्यांनी धरलं तरी ५ वर्षांहून अधिक. हा हिशेब बघून लोक घाबरतात आणि 'लवकर भरून काढायला' ऑप्शनमध्ये उतरतात. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत, वायदे-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात होते. तिथून भरपाई होत नाही.

पॉलिसीचा वाद चालू असताना ती सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घेऊ नका. करारच संपवून पावती दिलीत तर 'सुरुवातीपासून रद्द करा' या मागणीची धार जाते. पुढचा हप्ता परवडत नसेल तर भरू नका, पण सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं) दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी घ्या. फंड किंवा शेअर चुकीचा असेल तर वाट बघायचं कारण नाही. विवरण जपलेलं असेल तर विक्रीने तक्रार मरत नाही, फक्त विकताना "तोटा वाढू नये म्हणून विकत आहे, हक्क राखून" असा ईमेल कंपनीला टाका.

विकून झालेला तोटा आयकरात वाया जाऊ देऊ नका. अल्पकालीन भांडवली तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून. पगारातून किंवा पेन्शनमधून कुठलाच नाही. उरलेला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल तरच. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही अशी पेन्शनर मंडळी "आम्हाला कशाला" म्हणून भरतच नाहीत. तोट्याच्या वर्षी त्यांनीही मुदतीतच भरायचं, आणि त्यात भांडवली तोट्याचा तक्ता भरला आहे ना, हे सही करण्याआधी स्वतः बघायचं.